'हटवा' म्हटल्यावर नेमके काय हटते?

महोदय,

संगणकप्रणालींमध्ये येणाऱ्या नव्या सुविधांची ओळख आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी करून दिली जाते. नवे बटण कुठे सापडेल आणि ते दाबल्यावर काय होईल, हे त्यात नीट सांगितलेले असते. मात्र त्या सुविधेला तेच नाव का दिले गेले आणि त्या नावामागे चालणारा कोड खरोखर नावाप्रमाणे वागतो का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. सामूहिक चर्चेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मुक्तस्रोत (म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) प्रणालीच्या विकासात मी गेली नऊ वर्षे स्वयंसेवक म्हणून सहभागी आहे. आधी अनुवादक होते, आता प्रोग्रामर म्हणून काम करते. या कामात जे पाहिले, त्यावरून हे प्रश्न वाचकांपुढे यायला हवेत असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

आमच्या प्रणालीत प्रत्येक प्रतिसादाखाली 'हटवा' असे बटण होते. सदस्याने ते दाबले की प्रतिसाद पानावरून नाहीसा होई, पण डेटाबेसमध्ये तो जसाच्या तसा राहत असे. 'डिलीटेड' नावाच्या रकान्यात 'नाही'च्या जागी 'होय' एवढाच बदल होई. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि तिला सबळ कारणेही आहेत, कारण चुकून हटवलेले परत आणता येते आणि भांडण विकोपाला गेल्यास चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकांना मूळ मजकूर पाहता येतो. पुढे नियंत्रकांना आक्षेपार्ह प्रतिसाद झाकून ठेवण्याची सोय हवीशी झाली, तेव्हा ती लिहिणाऱ्याने तोच रकाना वापरला. आणखी दोन वर्षांनी नव्या सदस्यांचे पहिले काही प्रतिसाद तपासून मगच प्रसिद्ध करायचे ठरले आणि त्यांचीही भर त्याच रकान्यात पडली, कारण 'पानावर दिसू नये' एवढी एक गोष्ट तिन्ही प्रकारांत सारखी होती. अशा रीतीने लेखकाने स्वतः काढलेला, नियंत्रकाने झाकलेला आणि अजून तपासायचा राहिलेला, असे तीन अगदी वेगळे प्रतिसाद आमच्या कोडच्या दृष्टीने एकच झाले.

त्यानंतर एका नव्या सहकाऱ्याने तपासणीसाठी थांबलेले सगळे प्रतिसाद एकदम मंजूर करण्याची सोय लिहिली. ज्या प्रतिसादांवर 'होय' आहे आणि नियंत्रकाचा शेरा नाही ते थांबलेले, असा त्याने अर्थ लावला, आणि समोर जो कोड होता त्यावरून तो अर्थ पूर्णपणे रास्त होता. सोय पहिल्यांदा वापरली गेली त्या दुपारी सदस्यांनी स्वतः हटवलेले जुने प्रतिसाद पुन्हा सर्वांना दिसू लागले. एका सदस्येने चार वर्षांपूर्वी आपल्या आजारपणाविषयी लिहून त्याच रात्री काढून टाकलेला मजकूरही त्यात होता. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला, की मी हटवले होते, मग ते तुमच्याकडे होते कसे? आमच्याकडे तांत्रिक उत्तर होते, पण ते तिला देण्याजोगे नव्हते. 'हटवा' या शब्दाचा जो अर्थ कोणीही भाषा जाणणारा माणूस घेईल तोच तिने घेतला होता, आणि आम्ही तो शब्द दुसऱ्याच कामाला जुंपला होता.

चूक दुरुस्त करायला एक अट वाढवणे पुरेसे होते आणि ती त्याच संध्याकाळी वाढवलीही गेली. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या सहकाऱ्याला तोच रकाना, तेच नाव आणि तोच फसवा अर्थ मिळाला असता. सुविधेला दोन नावे असतात, एक पडद्यावरचे आणि एक कोडमधले. पहिले सदस्याला काहीतरी वचन देते, दुसरे पुढच्या प्रोग्रामरला. दोहोंपैकी एक जरी खोटे निघाले तरी त्याची किंमत शेवटी सदस्यच मोजतो.

पडद्यावरच्या नावाने दिलेले वचन किती गंभीर असते, याची उदाहरणे मोठ्या प्रणालींतही आहेत. दोन सदस्यांमधील संदेशांना चर्चाप्रणालींमध्ये वर्षानुवर्षे 'प्रायव्हेट मेसेज' म्हटले गेले. परंतु सर्व्हर चालवणाऱ्याला हे संदेश वाचता येतात, त्यामुळे ते ज्या अर्थाने खासगी वाटतात त्या अर्थाने खासगी नसतात. २०१३ साली लोकांपुढे आलेल्या डिस्कोर्स या मुक्तस्रोत प्रणालीने पडद्यावरचा तो शब्द बदलून 'पर्सनल मेसेज' केला. वैयक्तिक म्हणजे तुम्हाला उद्देशून लिहिलेला. तो दुसरे कोणीच पाहू शकणार नाही, असे त्या शब्दात अभिप्रेत नाही. एका विशेषणाचा हा फरक मला फार मोलाचा वाटतो. त्या प्रणालीच्या कोडमध्ये मात्र जुने नाव अद्याप अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि यावरून कोडमधले नाव बदलणे किती चिवट काम आहे हेही दिसते.

ट्विटरने ३ नोव्हेंबर २०१५ रोजी 'फेव्हरिट'चा तारा काढून 'लाइक'चे हृदयचिन्ह आणले. नव्या सदस्यांना तारा समजत नाही, असे त्यामागचे कारण होते. पण कित्येक जण तो तारा नंतर वाचायच्या मजकुरावर खूण म्हणून वापरत होते, आणि न पटलेला किंवा दुःखद मजकूरही ते अशा रीतीने बाजूला ठेवत होते. नाव बदलताच, कोडमध्ये जवळपास काही न बदलता, त्यांची जुनी कृती 'आवडले' अशी जाहीर पावती होऊन बसली. वाचनखुणांची स्वतंत्र सोय तिथे आली ती २०१८ मध्ये. सुविधा बनवणाऱ्याच्या मनात काय होते याच्याइतकेच, ती वापरणारे तिला काय समजून वापरत आहेत, हेही नाव देताना पाहावे लागते.

विनोद म्हणून किंवा वाक्प्रचारावरून दिलेली नावे मला विशेष खटकतात. व्हीबुलेटिन या जुन्या चर्चाप्रणालीत एखाद्या सदस्याचे लेखन त्याला स्वतःला दिसावे पण इतर सदस्यांना दिसू नये, अशी सोय होती आणि तिचे नाव होते 'टॅची गोज टू कॉव्हेंट्री'. कोणालाही कॉव्हेंट्रीला पाठवणे म्हणजे त्याच्याशी बोलणे टाकणे, हा इंग्लंडमधला वाक्प्रचार ज्याला ठाऊक नाही त्या नियंत्रकाने या नावावरून काय समजावे? आणि अनुवादकाने त्याचे काय करावे? ज्याच्यावर ही सोय वापरली जाते त्याला ती वापरल्याचे कळतही नाही, म्हणजे नाव सर्वांत स्पष्ट असण्याची गरज नेमकी इथेच होती. आमच्याकडे अशीच एक सुविधा आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मी तिचे नाव 'लेखन इतरांपासून लपवा' असे सुचवले. नाव इतके उघड झाल्यावर ती सुविधा मुळात असावी का, यावरच चर्चा सुरू झाली आणि प्रस्ताव मागे पडला. मला त्याचे समाधान आहे.

अनुवादकांची बाजू प्रोग्रामरांच्या बैठकीत सहसा कोणी मांडत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. मुक्तस्रोत जगात अनुवादासाठी गेटटेक्स्ट ही पद्धत फार वापरली जाते, आणि तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच अनुवाद शोधण्याची किल्ली असते. त्यामुळे इंग्रजीतील एक शब्द बदलला, की सर्व भाषांतील त्या वाक्याचे अनुवाद संशयास्पद म्हणून बाजूला काढले जातात आणि कोणीतरी ते पुन्हा तपासेपर्यंत सदस्याला पडद्यावर इंग्रजीच दिसते. आज एक नाव, पुढच्या महिन्यात दुसरे, अशी चंचलता प्रोग्रामरला दोन मिनिटांची वाटते, पण तिच्यामुळे डझनभर भाषांतील स्वयंसेवकांच्या संध्याकाळी खर्ची पडतात. शिवाय 'पोस्ट' हा इंग्रजी शब्द एका ठिकाणी नाम असतो आणि दुसऱ्या ठिकाणी क्रियापद. मराठीत एकीकडे 'नोंद' म्हणावे लागते आणि दुसरीकडे 'पाठवा'. कोडमध्ये दोन्हींसाठी एकच ओळ वापरली असेल तर अनुवादकाला दोहोंपैकी एक जागा चुकीची ठेवावीच लागते. शब्दासोबत संदर्भ जोडण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये आहे; ती वापरण्याची सवय मात्र प्रोग्रामरने लावून घ्यावी लागते. मी स्वतः अनुवादाकडून प्रोग्रामिंगकडे वळले ती मुख्यतः या एका त्रासामुळे.

नावे चुकतात हे मान्य केले, तर पुढचा प्रश्न ती बदलण्याचा येतो, आणि तो वेळीच सोडवला नाही तर पुढे कधीच सुटत नाही. एखादे पान कोणत्या दुव्यावरून उघडले हे सर्व्हरला कळवणाऱ्या 'रेफरर' या एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाची पद्धत) शीर्षकाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळले आहे. त्या पद्धतीचे वर्णन करणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते तसेच छापले गेले आणि आज जगातील प्रत्येक ब्राउझर तेच चुकीचे स्पेलिंग पाठवतो, कारण आता ते सुधारले तर असंख्य प्रणाली बंद पडतील. बाहेरच्या जगाने नाव वापरायला सुरुवात केली की ते आपल्या हातात राहत नाही.

तरीही काळजीपूर्वक बदल करता येतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात 'चेकआउट' ही एकच आज्ञा कोडची एक शाखा (समांतर प्रत) सोडून दुसरीवर जाण्यासाठी आणि फाइलमधील बदल टाकून देण्यासाठीही वापरली जात असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत त्यासाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या आज्ञा देण्यात आल्या आणि 'चेकआउट' मात्र काढून टाकली गेली नाही. नवी नावे आणावीत, जुनी चालू ठेवावीत आणि लोकांना वळायला वेळ द्यावा, ही रीत मला अनुकरणीय वाटते.

आम्ही आमच्या 'डिलीटेड' रकान्याचे जे केले त्याला इंग्रजीत रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली या विषयावर इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील पुस्तकाने ही संज्ञा सर्वदूर पोहोचवली. बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता कोडची आतली रचना सुधारणे, असा तिचा अर्थ आहे. आपल्याकडे बोलण्यात या कामाला सरळ 'साफसफाई' म्हणतात, आणि या नावानेच त्याचे मोठे नुकसान केले आहे. साफसफाई म्हटली की ती सवड मिळाल्यावर करायची असते, तिच्यासाठी नवी सुविधा थांबवायची नसते. प्रत्यक्षात जुन्या रचनेवर काय काय उभे आहे हे समजून घेतल्याशिवाय यातले एक पाऊलही टाकता येत नाही. मी अलीकडे 'पुनर्रचना' हाच शब्द वापरते. निदान त्याला वेळ लागेल हे ऐकणाऱ्याला पटते.

आमच्या पुनर्रचनेला सात आठवडे लागले. आधी प्रणाली आज जशी वागते आहे तशीच नोंदवणाऱ्या चाचण्या लिहिल्या, चुकीच्या वागणुकीसकट, कारण आपण काय बदलले हे कळण्यासाठी आधी काय होते हे पक्के ठाऊक असावे लागते. मग 'होय-नाही'च्या रकान्याशेजारी 'स्थिती' नावाचा नवा रकाना आणला आणि त्यात 'प्रकाशित', 'लेखकाने मागे घेतलेला', 'नियंत्रकाने झाकलेला' आणि 'तपासणी बाकी' अशा चार शक्यता ठेवल्या. काही दिवस दोन्ही रकान्यांत एकाच वेळी लिहीत गेलो. कोणत्या जुन्या नोंदी कोणत्या प्रकारच्या आहेत हे नियंत्रकांच्या कामाच्या नोंदवहीवरून ठरवले, आणि जिथे ठरवता येईना तिथे प्रतिसाद लेखकानेच काढला होता असे मानले, कारण चूक झालीच तर ती मजकूर न दिसण्याच्या बाजूने व्हावी. त्यानंतर कोडमधली एकेक जागा नव्या रकान्यावर आणली, प्रत्येक बदल स्वतंत्र रिव्ह्यूसाठी पाठवला आणि अगदी शेवटी जुना रकाना काढला. मध्येच सगळे नव्याने लिहून काढावे असा मोह आमच्यापैकी काहींना झाला होता. नेटस्केपने आपला ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला तेव्हा १९९७ च्या चौथ्या आवृत्तीनंतर थेट सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये, ही आठवण त्या चर्चेत उपयोगी पडली.

नावांवर वाद घालण्यात वेळ वाया जातो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो निराधार नाही. अवघड रचनेवर बोलायला चार जण पुढे येतात आणि बटणावरच्या शब्दावर चाळीस, हे मीही पाहिले आहे. त्यासाठी आम्ही एक साधी रीत घातली. ज्याने तो कोड लिहिलेला नाही आणि ज्याला त्याविषयी काही सांगितलेले नाही, अशा एका सहकाऱ्याला आणि एका सदस्याला फक्त नाव दाखवायचे आणि यामुळे काय होईल असे विचारायचे. त्यांचे उत्तर कोडच्या प्रत्यक्ष वर्तनाशी जुळले तर वाद तिथेच संपतो, मग कोणाला दुसरा शब्द कितीही आवडो. उत्तर चुकले तर नाव बदलायचे. आणि कोणतेच नाव जुळेना, तर ती सुविधा दोन वेगळी कामे एकत्र करत आहे असे समजून तिची फोड करायची. 'हटवा'च्या बाबतीत तेच झाले.

आता त्या जागी दोन बटणे आहेत. 'मागे घ्या' दाबल्यास प्रतिसाद इतर सदस्यांना दिसत नाही आणि लेखकाला तो परत आणता येतो. नियंत्रकांना तो दिसत राहतो, हे बटणाखालीच लिहिलेले आहे. 'कायमचा पुसा' दाबल्यास मजकूर डेटाबेसमधून जातो आणि तीस दिवसांत बॅकअपमधूनही निघून जातो. त्या सदस्येचा प्रतिसाद आम्ही तिच्या सांगण्यावरून दुसऱ्या रीतीने पुसला. ती अजून लिहिते.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पानासाठी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की यापुढे एखाद्या प्रणालीतील 'हटवा', 'लपवा' किंवा 'खासगी' अशा सुविधेची ओळख करून देताना तो मजकूर नंतर कोणाला दिसतो, कुठे राहतो आणि किती दिवस राहतो, हे त्या प्रणालीच्या निर्मात्यांना विचारावे आणि त्यांचे उत्तर बटणाच्या नावाशेजारीच छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि स्वयंसेवी प्रोग्रामर