एमपीएच प्रवेशाबाबत सदस्यांना आठवण

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठीच असतं, हा गैरसमज आपल्या ग्रुपवर अजून दिसतो. तसं नाही. दोन वर्षांच्या एमपीएचला (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग आणि अनेक ठिकाणी समाजकार्याचे पदवीधरही जातात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र, चेन्नईला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, अशा ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. प्रत्येकाचा भर वेगळा. साथरोगशास्त्र, आरोग्य धोरण की अर्थकारण, हे आधी ठरवा, मगच अर्ज भरा. पात्रता संस्थेच्या माहितीपुस्तिकेतच तपासा, ऐकीव माहितीवर फी भरू नका.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी आहेत, घरी याची कल्पना आधीच द्या. संशोधन प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्थांतही काम मिळतं, पण तिथे आकडेवारी हाताळता येणाऱ्याला खरी मागणी असते. म्हणून आतापासून संख्याशास्त्राची भीती घालवा.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता ऑनलाइन बैठक आहे. आपापले प्रश्न शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका. गावाकडच्या सदस्यांनी तर नक्की या, पीएचसीतला (प्राथमिक आरोग्य केंद्रातला) तुमचा अनुभव इथे फार मोलाचा आहे.