नातवाचं मत आणि अण्णांचा अबोला

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या ‘आपल्या’ तरुण मतदारांवरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो, पण सौ. म्हणाली, झोपा आता, उद्या लिहा. म्हणून आज लिहितोय. राग उतरलेला नाही.

लेखकमहोदयांचं म्हणणं असं की, कमला हॅरिस यांची आई आपल्याकडची, तरी २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत आपल्याच पोरांनी ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना मत देऊन ते वाया घालवलं. (आई मद्रासची. मद्रास साताऱ्याला ‘आपलं’ कधीपासून वाटायला लागलं, तेही एकदा छापा.) तर त्या पोरांपैकी एक माझा नातू. लेकीचा मुलगा, वय १९, घर न्यू जर्सीत, कॉलेज पिट्सबर्गला. न्यू जर्सीत हॅरिसबाई येणारच होत्या, म्हणून पठ्ठ्याने मुद्दाम कॉलेजच्या राज्यात, अटीतटीच्या पेन्सिल्व्हेनियात नाव नोंदवलं. कॉलेजच्या गावी नोंदणी करायची विद्यार्थ्यांना तिथे मुभा आहे. आणि एवढा खटाटोप करून मत दिलं ते स्टाइनबाईंना!

मी त्याला फोनवर झापलं, लपवत नाही. मी असतो तर हॅरिसना दिलं असतं. तो म्हणाला, “आबा, इस्रायलला शस्त्रं द्यायची हॅरिस आणि ट्रम्प दोघांचीही तयारी आहे. गाझातलं सगळं बघून मी कुणाला देऊ?” मला उत्तर सुचलं नाही. अभ्यास कसा चाललाय, ते विचारलं.

आता आकडे बघा. पेन्सिल्व्हेनियात ट्रम्प पुढे होते सुमारे १ लाख २० हजार मतांनी. स्टाइनबाईंची तिथली एकूण मतं ३५ हजारांच्या आत. ती सगळीच्या सगळी हॅरिसना दिली, तरी बेरीज जमते का? लेखातला २००० सालच्या फ्लोरिडाचा दाखला ठीक आहे. तिथे बुश ५३७ मतांनी आले आणि ग्रीन पार्टीच्याच नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली होती. पण तो इथे कसा लागू पडतो? शिवाय पेन्सिल्व्हेनियाची इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी) लेखात छापलीत तशी २० नव्हेत, १९. २०२०च्या जनगणनेनंतर एक कमी झालं. तुमच्याकडे हे तपासायला कुणी असतं की नाही?

पण मला लागला तो ‘वाया’ हा शब्द. मार्च १९७७. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, त्यामुळे लोकसभेचं माझं ते पहिलंच मत. मतदारसंघ सातारा, उमेदवार साक्षात यशवंतराव. आमच्या बैठकीत त्यांचा फोटो; देवघरात नव्हता एवढंच. मी आणीबाणीच्या रागात काँग्रेसचं गाय-वासरू सोडून दुसरीकडे शिक्का मारला आणि शहाण्यासारखं गप्प बसायचं सोडून घरी येऊन सांगितलं. अण्णांनी आवाजही चढवला नाही. “मत मातीत घातलंस,” एवढंच म्हणाले आणि त्यानंतर थेट आखितीपर्यंत माझ्याशी आईमार्फत बोलले. मी समोर उभा, आणि “त्याला म्हणावं, मोटर बंद कर.” यशवंतराव निवडून आलेच. तिकडे रायबरेलीत इंदिराबाई पडल्या, पण घरी पेढे आणायची माझी छाती झाली नाही. स्टँडवर एकट्याने खाल्ले.

परवाचा लेख वाचताना तोच आवाज कानात आला. फरक इतकाच की, मी अण्णांच्या घरचं खात होतो. माझा नातू लेखकमहोदयांच्या घरचं खात नाही.

जाता जाता : शब्दकोड्याचे चौकोन हल्ली इतके बारीक छापता की अक्षर भरायला सुईच घ्यावी लागेल. आणि माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. हेही कापणार असाल, तर आकड्यांचा परिच्छेद कापा. अण्णांचा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, सातारा