आई, मूळ विचारू नकोस

आई, पप्पा,

फोनवर ताईच्या स्थळाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि पप्पांचा बीपी, म्हणून लिहून पाठवतोय. आई, तू चष्मा लावून सावकाश वाचून दाखव त्यांना.

परवा खंडेनवमी झाली. फाउंड्रीत सगळ्या मशिनी धुऊन पुसून झेंडूचे हार घातले, मी पण सकाळपासून पोरांबरोबर माझं मोल्डिंग मशिन घासलं, ग्रीस केलं, आणि पूजेच्या वेळी नेहमीसारखा बाजूला जाऊन उभा राहिलो. आता कुणी काही म्हणत नाही, सुपरवायझर स्वतःच म्हणतात तू थांब तिकडं, जेवायला ये मात्र. पहिल्या वर्षी पोटात गोळा आलेला. तेव्हा तुम्हीच बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाची आठवण दिलेली, शद्रख, मेशख, अबेद्नगो, ६० हात उंच सोन्याची मूर्ती, वाद्यं वाजली, सगळे वाकले, हे तिघं नाही वाकले, राजाला म्हणाले आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे आणि नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. रोज फर्नेससमोर उभं राहणाऱ्याला ते "नाही सोडवलं तरी" फार लागतं.

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन, ताईच्या स्थळाचा. मुलगा लॅबमध्ये कामाला, व्यसन नाही, उपासना चुकवत नाही, ताईला पसंत. सगळं ऐकून तू विचारलंस, "ते मूळचे कोण रे?" म्हणजे जात कुठली.

आई, मला त्या रात्री झोप नाही लागली. मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढं कधीतरी पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, भावकीनं वाळीत टाकलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, हे पप्पा दर नाताळला डोळ्यात पाणी आणून सांगतात. मग जे सोडायला त्यांनी एवढं सोसलं तेच आपण सोयरिकीच्या वेळी परत घरात आणायचं? मूर्तीपुढं वाकत नाही म्हणून आपण मोकळे समजतो स्वतःला, पण जातीपुढं वाकतोय, नातेवाईक काय म्हणतील त्याच्यापुढं वाकतोय, आणि चर्चच्या मंडळीत बरेच जण असंच करतात म्हणून त्यात काही वावगं वाटतच नाही. पौलानं तर लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. गलतीकरांना लिहिलंय ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. आपण प्रभुभोजनाला एकाच भाकरीतून घेतो ना?

आणि हे कोल्हापूर आहे पप्पा. इथं शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे, शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

मी पण स्वच्छ नाही. गाडीच्या हप्त्यासाठी सहा महिने रविवारचा ओव्हरटाइम धरला, चर्चला गेलोच नाही, तुम्हाला ड्युटी आहे म्हणून सांगितलं. ती ड्युटी मी मागून घेतलेली होती. माफ करा. आता सोडलाय.

शनिवारी मुलाकडचे येतायत, मी शिफ्ट बदलून घेतलीय. सकाळच्या एसटीनं या. त्याला त्याच्या विश्वासाची साक्ष विचारा, कामाचं विचारा, पगार विचारा. मूळ नको. ताईनं तुमच्यासमोर तोंड उघडलेलं नाही पण ती रडतीय रोज.

जेवणाचं मी बघतो, आई तू फक्त तुझ्या हातचा खर्डा आण.

तुमचा,
बाळू