रेघेच्या कुठल्या अंगाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

15 जानेवारी 2025 रोजी ‘निलगिरी’, ‘सुरत’ आणि ‘वाघशीर’ मुंबईत नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. त्यांची क्षेपणास्त्रे, रडार, वेग यांबद्दल भरपूर छापून आले. पण पोलादी प्लेटवर रेघ मारणारे आणि त्या रेघेवर भाग उभा करून टॅक (जागेवर धरून ठेवणारा छोटा वेल्ड) मारणारे स्ट्रक्चरल फिटर नेमके काय करतात, हे क्वचितच वाचायला मिळते. त्यामुळे ‘सीएनसी (संगणकाने चालणारे) कटिंग आले, आता मार्किंगला, म्हणजे आखणीला, काय उरले?’ हा समज पसरतो आहे. तो चुकीचा आहे.

पूर्वी मोल्ड लॉफ्टच्या, म्हणजे आखणीच्या मोठ्या दालनाच्या, लाकडी जमिनीवर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात काढत आणि त्यावरून फर्मे करत. ते काम संगणकाने घेतले, चांगलेच झाले. पण मशीन कापते ती सपाट, मोकळी प्लेट. तिच्यावर स्टिफनर (प्लेट ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) वेल्ड झाले की ती आकसते, दर सांध्याला थोडी थोडी. मोठ्या पॅनेलवर हे सगळे मिळून काही मिलिमीटर होते आणि मशीनने आखलेली बल्कहेडची (जहाजाच्या आतल्या उभ्या भिंतीची) रेघ जागा सोडते. मग पॅनेलचे कर्ण पुन्हा मोजायचे, मध्यरेषेवरून खडूची दोरी नव्याने मारायची. काटकोन गुण्याच्या भरवशावर न सोडता 6-8-10 मीटरच्या त्रिकोणाने तपासायचा. गुण्याची बाजू हातभर, काम दहा मीटरचे. नंतर रेघेवर टोकदार पंचने हलके खळगे मारायचे, कारण मुंबईच्या पावसात खडू टिकत नाही.

रेघ बरोबर असूनही काम चुकते ते बाजूमुळे. ड्रॉइंगमधली रेघ बहुधा प्लेटचा मध्य नसते, तिचा एक पृष्ठभाग असतो. जाडी कोणत्या अंगाला जाणार हे वेगळ्या खुणेने, म्हणजे फुलीने, दाखवावे लागते. ती खूण राहिली आणि 12 मिलिमीटरचे बल्कहेड रेघेच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले, तर ते पूर्ण 12 मिलिमीटर सरकले. डेकच्या वरचे आणि खालचे बल्कहेड समोरासमोर यावे लागतात, कारण भार एकातून दुसऱ्यात उतरतो. जहाजे तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या शिफारशींप्रमाणे जास्त ताणाच्या जागी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत फरक चालतो, म्हणजे इथे 4 मिलिमीटर. निम्म्या जाडीच्या पुढे गेल्यावर सांधा सोडवून पुन्हा बसवायचा, तोही फरकाच्या किमान 50 पट लांबीत. 12 मिलिमीटरला 600 मिलिमीटर. गॉजिंग (जुना वेल्ड खोदून काढणे), ग्राइंडिंग, वेल्डिंग, तपासणी सगळे नव्याने, आणि त्या उष्णतेने प्लेट परत ओढली जाते ती वेगळीच. एवढे सगळे एका न मारलेल्या फुलीपायी.

ऊनही मापे बिघडवते. दहा मीटर पोलाद 25 अंशांनी तापले की 3 मिलिमीटर वाढते. उघड्यावरच्या ब्लॉकचा, म्हणजे जहाजाच्या सुट्या बांधलेल्या मोठ्या भागाचा, डेक दुपारी भाजतो, खालचा भाग थंड राहतो, आणि अख्खा ब्लॉक कमान घेतो. म्हणून दोन ब्लॉक जुळवण्याची निर्णायक मापे उजाडण्यापूर्वी घेतात. दुपारी तपासून नापास ठरवलेले माप पहाटे बरोबर निघू शकते, आणि उलटेही. वेळ आणि प्लेटचे तापमान मापाच्या कागदावर लिहिलेच पाहिजे.

ब्लॉकच्या कडेला जास्तीचे मटेरियल ठेवतात आणि जुळवणीच्या वेळी छाटतात. छाटल्यावर कड बदलते, म्हणून आत 100 मिलिमीटरवर तपासणीची रेघ आधीच पंच करून ठेवायची. ही रेघ नसेल तर किती कापले गेले ते कोणालाच सांगता येत नाही. गॅप जास्त आला म्हणून डॉग (प्लेटवर तात्पुरता वेल्ड केलेला पोलादी तुकडा) आणि पाचर लावून प्लेट जबरदस्तीने ओढणे हा उपाय नव्हे. तो ताण सांध्यात कोंडून राहतो आणि आखूड, चटकन थंड झालेला टॅक सर्वात आधी तडकतो. काम झाल्यावर डॉग हातोड्याने उडवणे तर गुन्हाच मानायला हवा. मूळ प्लेटचा लचका निघतो. डॉग प्लेटच्या थोडा वर कापून उरलेला भाग घासायचा असतो.

या तपासणीला लागणारा वेळ ठेक्याच्या हिशेबात बसत नाही, कारण फॅब्रिकेशनचा दर बहुतेक ठिकाणी टनावर ठरतो. रेघेला वजन नसते. मार्किंग आणि फिट-अप (भागांच्या जुळवणीची) तपासणी ही दरपत्रकात स्वतंत्र बाब असली पाहिजे.

दुसरी मागणी आयटीआयसाठी. फिटरच्या विद्यार्थ्याला सरफेस प्लेट आणि हाइट गेजवर छोटा जॉब आखता येतो, ते आवश्यकच आहे. पण किनारपट्टीच्या जिल्ह्यांत त्याला दोन मीटर बाय एक मीटरचे पॅनेल आणि चार स्टिफनरही द्यावेत. आखणी, जाडीच्या खुणा, टॅक आणि वेल्डिंग त्यानेच करावे. आधीचे आणि नंतरचे कर्ण त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यावेत, आणि गुण वेल्डच्या चकाकीवर न देता त्या दोन आकड्यांतला फरक त्याने कसा समजावून सांगितला, यावर द्यावेत.

आपला,
जहाजबांधणीतील एक वाचक, मुंबई