ओरेगॉनच्या वाटेवरच्या बैलगाड्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या लोकांच्या या गाड्यांबद्दल इतकं विचारलंत, की नीट लिहूनच काढावं म्हटलं. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सहून ओरेगॉनपर्यंत साधारण 3,200 किलोमीटर. दिवसाला सरासरी 20-25 किलोमीटर चाल, म्हणजे पाच-सहा महिने. 1843 साली हजारेक माणसं एकत्र निघाली आणि तिथून ही वाट खरी वाहती झाली.

बाबा, ताडपत्रीची गाडी पाहिली की सगळं कुटुंब आत बसून गेलं असेल असं वाटतं. तसं नव्हतं. पेटी जेमतेम तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद, त्यात टनभर सामान. स्प्रिंगा नाहीत. म्हणून आजारी आणि अगदी लहान सोडले तर बाकी सगळे चालत. बैलांच्या दोन-तीन जोड्या, पण कासरा नाही. हाकणारा डाव्या बाजूनं चालत असे. ‘गी’ म्हटलं की बैल उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. बैल घोड्या-खेचरांपेक्षा स्वस्त, आणि निकृष्ट गवतावरही तग धरत. पण खडकाळ वाटेवर खूर झिजत. बैल तीन पायांवर उभा राहत नाही, म्हणून त्याला दोरानं पाडून किंवा आडवा करून प्रत्येक खुराला दोन-दोन पत्र्या ठोकाव्या लागत. पत्र्या संपल्या की चामड्याचे बूट बांधत.

वाटेत चाकं सैल होत असतील, हे तुम्ही बरोबर ताडलंत. वाटेवरच्या फोर्ट लॅरामी या ठाण्याच्या पुढे हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, चाकाभोवतीची लोखंडी धाव मात्र तेवढीच राहते. मग आरे खुळखुळतात आणि धाव चालता चालता निसटते. चाक रात्रभर नदीत बुडवून ठेवलं तर लाकूड फुगतं, पण वाळलं की पुन्हा तेच. धाव आणि लाकडाच्या फटीत पाचरी ठोकत, त्याही गळत. खरा इलाज म्हणजे धाव काढायची, चाकाच्या घेरावर लाकडाची पातळ पट्टी मारायची, धाव जाळात लाल करून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. हे लोहाराविना, उघड्या माळावर. मागच्या कण्याला डांबर-चरबीची बादली लटकत असे. वंगण चुकलं तर तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, जळायचा.

आई, शिधा माणशी 90 किलो पीठ, 68 किलो खारवलेलं डुकराचं मांस, 9 किलो साखर, साडेचार किलो कॉफी, असा सांगितलेला असे. मांसाची चरबी उन्हात वितळू नये म्हणून ते कोंड्यात भरत. अंडी मक्याच्या पिठात. दुधाचा डबा गाडीला टांगला की हेलकाव्यांनी संध्याकाळपर्यंत लोणी निघायचं. वाटेतल्या प्लॅट नदीकाठी झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून चूल पेटायची ती रानगव्यांच्या वाळक्या शेणावर.

मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांची भीती सगळ्यांना होती, पण मारलं ते मुख्यतः पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं. 1849 ते 1852 या वर्षांत प्लॅटच्या काठानं सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असायचा. तळांजवळ उथळ खड्डे खणून पाणी घेत, शौचालाही तिथंच आसपास जात. पाणी उकळलं तर वाचतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुरणंही वाटेतच, आणि त्यावरून गाड्या हाकायच्या, म्हणजे लांडगे उकरणार नाहीत. मला हे वाचताना सगळ्यात जड जातं. बाकी मरणं नदी ओलांडताना बुडून, स्वतःचीच बंदूक उडून, चालत्या गाडीवरून पाय घसरलेली मुलं चाकाखाली येऊन. मूळ रहिवाशांनी उलट कित्येकांना नदीपार नेलं, सामन मासे विकले. त्यांच्या कुरणांचं आणि गव्यांचं मात्र या गर्दीनं वाटोळं केलं.

तारीख चुकली तर काही खरं नसे. एप्रिलअखेरीच्या आधी निघालं तर गवत नाही. उशीर झाला तर पुढच्यांनी खाऊन संपवलेलं, आणि शेवटी बर्फ. म्हणून 4 जुलैपर्यंत वाटेतला इंडिपेंडन्स रॉक हा मोठा खडक गाठायचा. 1846 मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डॉनर गटानं जवळची म्हणून नवी वाट धरली, आठवडे घालवले आणि सिएरा नेवाडात बर्फात अडकले. 87 पैकी चाळीसेक मेले.

ओरेगॉनच्या टोकाला माउंट हूडजवळ लॉरेल हिलचा उतार इतका खडा, की दोर झाडांना गुंडाळून गाडी इंचाइंचानं सोडावी लागे. या रस्त्याला 1846 पासून गाडीमागे 5 डॉलर टोल होता, आणि दमलेली, रिकाम्या हातांची माणसं तोही भरत.

बाबा, धाव तापवण्याच्या जागेचा फोटो मिळाला की पाठवते.

तुमची लेक