अण्णा, एकदा ‘मंथन’ बघा

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री

ती. अण्णा आणि आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही ‘आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हातात दिलात आणि माझं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून पत्र लिहायला बसले. आजी अजून सगळ्यांना ‘नात परदेशात असते’ असंच सांगते ना? तिला सांगा, तिच्या या परदेशात घरमालकीणकाकू पहाटे फुलं काढताना तुकोबांचे अभंग म्हणतात आणि कोपऱ्यावरचा फरसाणवाला माझ्याशी मराठीत बोलतो. त्याच्या मराठीत मध्ये मध्ये गुजराती येतं, पण चार पिढ्या इथे काढल्यावर ते यायचंच. कानाला गोड लागतं.

आई, तब्येत उत्तम आहे. जेवणाची आबाळ नाही. तुझी चटणी महिनाभर पुरेल.

आता मुद्द्याचं. काकूंच्या माडीवर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा असतो. भिंतीवर पांढरी चादर ताणायची, काकूंचा भाचा प्रोजेक्टर घेऊन येतो, खाली सतरंजी. आम्ही आठ-दहा जण असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, विद्यापीठात शिकणाऱ्या जळगावकडच्या दोन मुली, शेजारच्या गुजराती बेन, आणि मी. सिनेमा संपला की चहा आणि लीलो चेवडो, आणि मग बोलणं. ‘छान होता’ एवढ्यावर कुणाला सुटता येत नाही. का छान, कुठे छान, ते सांगावं लागतं. पहिल्या शनिवारी मला काही सुचेना. आता मीच शेवटची उठते.

पहिल्यांदा बघितला तो परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. तो निवडायचं कारण असं की दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानंतर इथे बडोद्याला कलाभवनात शिकायला होते. आमच्या घरापासून कलाभवन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आता तिथे विद्यापीठाचं इंजिनिअरिंग भरतं. सिनेमात मात्र बडोदं नाही, कारण गोष्ट फाळक्यांच्या पुढच्या मुंबईतल्या दिवसांची आहे. बँकेतले काका यावर फार हळहळले. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या लक्षात राहिल्या त्या सरस्वतीबाई. घरातलं सामान विकलं जातंय, नवरा वेड्यासारखा एका मटाराच्या रोपाची चित्रं घेत बसलाय, आणि ही बाई त्याच्या पाठीशी नुसती उभी राहत नाही, कामालाच लागते. विभावरी देशपांडेंनी ते इतकं सहज केलंय की उपकार केल्याचा भाव कुठे दिसत नाही. आई, तुला ती आवडेल.

मग ‘हेल्लारो’ बघितला. गुजराती सिनेमा, 2019 चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. कच्छातलं एक गाव, काळ 1975 चा, तीन वर्षं पाऊस नाही आणि बायकांना गरबा खेळायला बंदी. पाण्याला जाताना त्यांना एक ढोली, म्हणजे ढोल वाजवणारा, भेटतो आणि त्या वाळवंटात नाचायला लागतात. ते पहिलं नाचणं बघताना माडीवर कुणी हललं नाही. शेवटी पाऊस येतो तो मात्र मला सोयीचा वाटला, आणि मी तसं बोलून दाखवलं. बेन माझ्यावर खऱ्याच चिडल्या. म्हणाल्या, ज्याने कोरडं वर्ष काढलंय त्याला विचार पाऊस सोयीचा असतो का. त्यावर मला बोलता आलं नाही. अजूनही तो शेवट मला पुरता पटलेला नाही, पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जात नाही.

‘छेल्लो शो’ही झाला, सौराष्ट्रातला, सिनेमाच्या वेडाने पछाडलेल्या पोराचा. आई, त्यात ते पोरगं थिएटरमधल्या ऑपरेटरला आईने दिलेला डबा खायला घालतं आणि बदल्यात प्रोजेक्शनच्या खोलीतून फुकट सिनेमे बघतं. भेंडी चिरताना, मसाला भरताना इतक्या जवळून दाखवलंय की आम्हा सगळ्यांना भुका लागल्या. पुढे जुनी यंत्रं भंगारात जातात, त्यांचे चमचे होतात, फिल्म वितळवून बांगड्या होतात. मला तेवढंच खोलवर लागलं, बाकीचा सिनेमा जरा जास्तच देखणा आहे.

आणि काल ‘मंथन’.

अण्णा, मला आठवतंय, आपल्याकडे टीव्हीवर लागला होता तेव्हा तुम्ही ‘दिवसभर तेच, आता रात्री पण तेच बघू?’ म्हणून बंद केला होता. बरोबरच होतं. पहाटे साडेचारला उठून दूध संस्थेत जाणारा माणूस रात्री दुधाचा सिनेमा कशाला बघेल? पण तुम्ही तो बघायला हवा होता. आता बघा. तुमच्या आयुष्याची तीस वर्षं ज्या कामात गेली त्यावर इतका खरा सिनेमा दुसरा झालेला नाही, हे मी मनापासून लिहितेय.

1976 चा सिनेमा, श्याम बेनेगलांचा. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. सुरुवातीलाच पडद्यावर येतं, गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. आणि तो लागला तेव्हा हे शेतकरी गावागावांतून ट्रक भरभरून बघायला गेले, आपलाच सिनेमा म्हणून. पटकथा विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. आपल्या मोहन आगाशेंचं काम आहे. स्मिता पाटील तर अशी दिसते की बेन म्हणाल्या, ही पुण्याची असूच शकत नाही, ही आमच्याकडचीच बाई आहे. बसणं, उठणं, बोलताना मान फिरवणं, सगळं. 2024 मध्ये जुन्या निगेटिव्हवरून तो स्वच्छ करून कान महोत्सवात दाखवला आणि जूनमध्ये आपल्याकडे थिएटरांत पुन्हा लावला. तेव्हा माझा हुकला, याची चुटपूट काल संपली.

गोष्ट साधी आहे. डॉक्टर राव नावाचा जनावरांचा डॉक्टर गावात सहकारी संस्था काढायला येतो. गिरीश कर्नाड आहेत. गावात आधीपासून एका मिश्राची डेअरी आहे, अमरीश पुरी, तो पडेल भावाने दूध घेतो. सरपंचाला संस्था आपल्या मुठीत हवी, आणि दलित वस्तीतल्या लोकांना कशावरच भरवसा नाही. त्यांचा पुढारी भोला, नसीरुद्दीन शाह, तो तर साहेबाला उभाच करत नाही. दुधातली फॅट तपासायची आणि तिच्यावर पैसे द्यायचे, हे जेव्हा येतं तेव्हा मी सतरंजीवरून उठून पुढे जाऊन बसले.

कारण मला तुम्ही दिसलात. मी सात-आठ वर्षांची असेन. संस्थेच्या खोलीत एकच पिवळा बल्ब, बाहेर कॅनच्या आवाजाचा दणदणाट, आणि तुम्ही टेबलाशी. नळीत आधी अ‍ॅसिड, मग पिपेटने पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अल्कोहोल, बूच घट्ट दाबून नळी उलटीसुलटी करायची. नळी इतकी तापायची की तुम्ही ती पंच्यात धरायचात. मला हात लावू द्यायचा नाहीत. मग चक्रात फिरवून, गरम पाण्यात ठेवून, बल्बासमोर उंच धरायचात आणि एक डोळा मिटून पिवळी कांडी किती आलीय ते वाचायचात. ‘सहा पॉइंट आठ.’ म्हातारीने डोक्यावरचा पदर सावरत विचारायचं, ‘काल सात हुती की वं?’

आणि ते वर्ष आठवतं, गावात कुणीतरी उठवलं होतं की सेक्रेटरी भावकीला फॅट जास्त लावतो. आई चार दिवस नीट जेवली नव्हती. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबल उचलून दारात आणून ठेवलंत, आणि प्रत्येक नळी ज्याची त्याच्या हातात देऊन म्हणालात, ‘तूच वाच.’ ज्याला आकडे येत नव्हते त्याच्यासाठी पोराला बोलावलंत. तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. माझ्या बापाला सगळ्या गावापुढे हे का करावं लागतंय, असं वाटायचं. काल कळलं, अण्णा. डॉक्टर राव शिकलेला, तळमळीचा माणूस, पण नळी त्याच्याच हातात राहते. टेबल दारात न्यायचं काम त्याच्यानंतरच्या माणसांचं होतं, तुमच्यासारख्यांचं.

शेवट सांगून टाकते, तुम्हाला चालतं. बिंदूचा, म्हणजे स्मिता पाटीलचा, अंगठा घेऊन रावावर खोटा आळ आणतात. त्याला परत बोलावणं येतं, तो गाव सोडून जातो. आणि ज्या भोलाने आधी साहेबाला उभं केलं नव्हतं, तोच संस्था चालू ठेवायला उभा राहतो.

इथे आमचं भांडण झालं. बँकेतले काका म्हणाले, हे सिनेमातच होतं. साहेब गेला की संस्था बसते, मी कर्जाच्या फायली बघितल्यात. बेनचं माहेर आणंदच्या बाजूचं. त्या म्हणाल्या, माझ्या आईच्या गावात कुठलाच साहेब राहिला नव्हता, बायका दूध घालत राहिल्या, कारण पहिल्यांदा पैसा त्यांच्या हातात पडत होता. काकू दोघांना चहा देत राहिल्या. मी तुमचं टेबल दारात नेल्याचं सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा भरून आला, आणि काका गप्प झाले. मग म्हणाले, ‘तुझ्या वडिलांना एक विचार. साहेब गेल्यावरच्या पहिल्या सकाळी किती जण दूध घालायला आले असतील? शंभरातले किती?’

हे तुम्हीच सांगू शकता. तुमच्या संस्थेत पहिले सेक्रेटरी सोडून गेले आणि चावी तुमच्याकडे आली, त्या सकाळी किती कॅन आले होते, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. मला खरंच हवंय ते. आकड्यासकट.

दिवाळीला येताना सिनेमा घेऊन येते. आपण दोघं बघू, आजीला पण बसवू, तिने तर म्हशी सांभाळल्यात. आई, तू मध्ये स्वयंपाकघरात जायचं नाहीस. येताना भाकरवडी आणते, इथली वेगळी असते, लहान आणि कोरडी, अण्णांना चहाबरोबर आवडेल.

पुढचा सिनेमा अजून ठरलेला नाही. काकूंना प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावायचाय, 1936 चा, आणि जळगावच्या मुलींना नवीन काहीतरी. मी काकूंच्या बाजूने आहे. पण त्याआधी तुमचं उत्तर यायला हवं. शेवटच्या शनिवारी काकांना आकडा सांगायचं मी कबूल केलंय. फोनवर सांगितलंत तरी चालेल, फक्त लगेच आईकडे फोन देऊ नका.

तुमची लेक

ता. क. : नळी तापायची तो पंचा निळ्या काठाचा होता ना? काल रात्री आठवत होते, काठाचा रंग पक्का होईना.