वरच्या मजल्यावरच्या पी.टी.च्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

दीड वर्षापूर्वी जिन्यात मी तुमच्याजवळ रडले होते, आठवतं? भाचीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज शिलाई उसवूनही अंगात जाईना. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं होतं. तो परत येऊ नये म्हणून दिलेली लेट्रोझोलची गोळी सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि वजन ६१ वरून ७० वर गेलं होतं. सकाळी बोटांची मूठ वळायची नाही. "ही गोळीच बंद करते," असं मी म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. "मनाने बंद करायची नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते," एवढंच म्हणालात.

तुम्ही वहीत प्रश्न लिहून आणले होते. पाळी गेल्यावरही शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होत राहतं, माझ्यासारख्या कॅन्सरला तेच पोसतं आणि माझी गोळी ते तयार होणंच अडवते, हे मला त्या दिवशी नीट कळलं. वजनाचा सगळा दोष गोळीचा नव्हता. केमोसोबतची स्टेरॉइडं, त्यांनी खवळलेली भूक, मायेने भरवलेला शिरा, महिनोन्‌महिने पडून राहणं आणि त्यात झिजलेले स्नायू, असं सगळं साठत गेलं होतं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने ओझं उचलायची मला धास्ती होती. तेही तुम्हीच विचारलंत. अगदी हलक्यापासून सुरू करा, हळूहळू वाढवा, सूज किंवा जडपणा वाटला तर लगेच दाखवा, असं उत्तर मिळालं.

मग गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक. नाशिकची डिसेंबरातली थंडी, आखडलेले गुडघे आणि सहाला तुमची बेल! पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मी बाकावर बसले. तुम्हीही बसलात. आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं ठरलं होतं, तिथवर पोचायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तुम्ही एकदाही माझं वजन विचारलं नाहीत. मूठ वळते का, जिना थांबत चढलात की सलग, हेच विचारायचात. गच्चीवर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी सुरू केलेला व्यायाम आता दोन किलोच्या डंबेलवर आलाय. सकाळचा आखडलेपणा पूर्ण गेला नाही, पण चहाचा कप एका हाताने उचलता येतो.

आणि माझं ते रात्रीचं उपाशी राहणं! ते तुम्ही मोडलंत. ताटात मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, अंडं यायला लागलं. भाकरी दीडच, पण जेवण वेळेवर. मिसळही तोडली नाहीत, महिन्यातून एकदा, तर्री कमी. मला हे फार मोठं वाटलं, कारण बाकी सगळे मला काय खायचं नाही तेवढंच सांगत होते.

आज वजन ६६ आहे. ६१ होईल की नाही, या विचाराने आता झोप उडत नाही. गोळी एकही दिवस चुकलेली नाही.

सोमवारी हाडांची डेक्सा तपासणी आहे. दहाची वेळ मिळालीय, म्हणजे ट्रॅकवर जाऊन येता येईल. बेल वाजवू नका, या वेळी मीच वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची